यादीत न आलेला शब्द

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरगावचा पाहुणा सोबत असला की मी त्याला हे मुद्दाम असंच सांगतो, आणि तो बिचारा खिडकीतून वाकून बघतो. मग त्याला कळतं, की जिनिंगच्या गिरणीकडे निघालेल्या भरगच्च गाड्यांतून काट्यांनी ओढून घेतलेला तो कापूस आहे. इकडच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मलाही आयुष्यभर वाटलं नाही. पण अलीकडे बाभळी पांढऱ्या दिसायला लागल्या की मी एसटीतली खिडकीची जागा सोडून आत सरकतो. बायको म्हणते, उन्हानं सरकलात. मीही म्हणतो, हो, उन्हानंच.

वेचणीचा तो एक हंगाम माझ्या अंगातून गेलेला नाही, हे तिला सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल.

ती वर्षं आमच्या मुलखाला चांगली नव्हती. पाऊस यायचा तेव्हा यायचा नाही आणि नको तेव्हा कोसळायचा. बोंडात अळी शिरायची. वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्यांची नावं रोज छापून यायची, आणि ती कशासाठी यायची ते मी इथं पुन्हा उगाळत नाही. मुंबई-पुण्याकडून, दिल्लीकडून माणसं जीपमधून उतरायची, कोणाच्या तरी ओसरीवर बसायची, समोरची बाई रडेपर्यंत प्रश्न विचारायची आणि ती रडली की कॅमेरा बंद करून पाणी मागायची. आम्ही अमरावतीतले पगारदार लोक त्यांच्यावर फार चिडायचो. आमच्या दुःखाचं प्रदर्शन मांडतात म्हणायचो. सगळ्यांत जास्त मीच चिडायचो, आणि ते इथं आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. पत्त्यांच्या कॅटएवढे छोटे संगणक तेव्हा नुकतेच आमच्या हातात आले होते. उघडी हिरवी पट्टी, तिच्यावर चार-दोन खाचा, एक मेमरी कार्ड आणि दोन दिवे. हौशी लोक त्यावर काय वाट्टेल ते करायचे. कोणी त्याला पाण्याची मोटर जोडायचं, कोणी घड्याळ. मला एका अंधशाळेतल्या बाईंनी विचारलं, की आमच्या मुलांना यावर लिहिता-वाचता येईल का? मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. माझ्या तोंडी हे वाक्य फार असायचं. त्यांनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे पाठवली. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातली, तिशीची, जन्मापासून न दिसणारी. नाव काहीतरी वेगळं होतं, पण सगळं गाव तिला बेबीताई म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो.

ती दर शनिवारी यायची. एकटी. चांदूरहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढं ऑटोनं, हातात पांढरी काठी. प्रयोगशाळेच्या दारात आली की आधी चपला काढायची. मी सांगितलं, इथं चपला चालतात. ती म्हणाली, "असू द्या सर. पायाले खोली समजली पायजे."

पहिल्याच दिवशी मी तिला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं, की वायर लावली की लाल दिवा लागतो, आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मशीन तयार झालं असं समजायचं.

तिनं बोटांनी पट्टी चाचपली. "अन् मी कायच्यानं समजू, सर?"

मी खजील झालो. हसलोही. पण आज आठवतं तेव्हा वाटतं, की पुढचं सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. माझी अक्कल डोळ्यांत होती. एखादी गोष्ट मी डोळ्यांनी बघितली की माझं काम संपायचं.

इतवारा बाजारात रहीमचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस चार बुकं शिकलेला नव्हता, पण हात असे की बिघडलेल्या यंत्रानं स्वतःहून कबुली द्यावी. त्यांनी जुन्या टाइपरायटरची सहा बटणं काढून ब्रेलसाठी एका लाकडी फळीवर बसवून दिली, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या. रेडिओचा एक भोंगा दिला. मी दिव्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते मान हलवत म्हणाले, "सर, आँख बंद करके बनाओ. खुली रखोगे तो बत्त्याच लावत बसोगे." आणि स्वतः खरंच डोळे मिटून त्यांनी फळीच्या कडा बोटांनी चाचपल्या, एका ठिकाणी टोचलं, तिथं पॉलिश पेपर मारला. मी ते बघत होतो. डोळे मिटून मी काही तपासलं नाही. मला पुढच्या तासाला जायची घाई होती.

मशीन बोलायचं. फुकटात मिळणारा मराठी आवाज होता तो, नाकात बोलणारा, स्वल्पविरामाला अडखळणारा. बेबीताई म्हणाली, "सर्दी झालेला मास्तर बसवला का हो आतमदी?" मग प्रश्न आला, की मशीन सुरू झाल्याचं तिला कळावं म्हणून त्यानं काय म्हणायचं? मी 'संगणक सुरू झाला आहे' असं घातलं होतं. ऐकून ती इतकी हसली की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं.

"मशीन हाय का यष्टी ष्टँडवरची बाई? तसं नका ठेवू. माही माय म्हणे तसं ठेवा."

तिची माय त्याच वर्षी पोळ्याच्या आधी गेली होती. शेतात दोघी सोबत जायच्या. माय पुढं, बेबीताई तिच्या लुगड्याचा पदर धरून मागं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बेबीताईला जरा उशीर झाला की माय पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, हाक मारायची, "आली काव बेबे?" आणि सांजेला गाठोडं बांधलं की, "चाल व बेबे, झाली सांज." तर आमच्या त्या उघड्या हिरव्या पट्टीनं वायर लावली की विचारायचं, आली काव बेबे. आणि बंद करायला सांगितलं की शेवटी म्हणायचं, चाल व बेबे, झाली सांज. ते ऐकलं की बोटांवर दहा मोजायचे आणि मगच वायर काढायची, नाहीतर आतलं लिहिलेलं खराब होतं. पहिल्यांदा ते वाक्य भोंग्यातून आलं तेव्हा बेबीताई दहा मोजायची विसरली. मीही विसरलो.

मग ती लिहायला लागली. शनिवारी दिवसभर, सहा बटणांवर. काय लिहायची? मायचं बोलणं. दुसरं काही नाही. माय वेचताना काय म्हणायची, सुनेवर कशी करवादायची, ढगाला कशी शिव्या घालायची, सीतादहीच्या दिवशी काय म्हणायची. सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधीची पूजा. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडून दहीभात ठेवतात आणि मगच कापसाला हात लावतात. बेबीताई वेचायची हे ऐकून कॉलेजातल्या लोकांना फार नवल वाटायचं. तिला त्यांच्या नवलाचं नवल वाटायचं. शेजारच्या ओळीत माय बोलत चालायची, तिच्या आवाजाला समांतर ही चालायची, आणि तास, म्हणजे झाडांची ओळ, चुकायचा नाही. बोंड हाताला लागलं की फुटलं की नाही ते बोटांना कळायचंच. माय गप्प झाली की ही उभी राहायची.

"तुमाले तुमच्या आईचं तोंड आठवत असन, सर," ती एकदा म्हणाली. "मले तिचं तोंड काई माईत नाई. बोली माईत हाय. बोली म्हंजेच थे. म्हून लिवून ठेवून राह्यली. उद्या इसरली तं माह्यापाशी काई नाई ना मंग."

इतकं सरळ तिनं मला सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

ती लिहायची तेही मायसारखंच. आमच्या वऱ्हाडात 'ळ' नाही. म्हणजे पुस्तकात आहे, जिभेवर नाही. डोळा नाही, डोया. डाळ नाही, डाय. आभाळ नाही, आभाय. 'पाहा' म्हणायचं असलं की 'पाय' म्हणतात, आणि माय आपल्या न दिसणाऱ्या लेकीला दिवसातून दहादा म्हणायची, "पाय व बेबे, कसा फुटला!" आणि तिचा हात धरून बोंडावर ठेवायची. हे सगळं बेबीताई उच्चाराबरहुकूम लिहायची. मी एकदा सहज म्हटलं, की लिहिताना शुद्ध लिहावं. ती म्हणाली, "मले 'ळ' येते, सर. शाळेत शिकली मी. मायले येत नोता."

हे 'शाळेत'सुद्धा ती 'शायेत' असंच म्हणाली होती. मीच आत्ता लिहिताना बदललं. बघा, हात कसा जातो. ती 'ळ' असा सुटा, पाढ्यातला उच्चार तेवढा करून दाखवायची, चिमट्यात धरून दाखवल्यासारखा. बोलण्यात तो कधी यायचा नाही.

आता माझं सांगतो. मी मूळचा अकोल्याचा. घरी वऱ्हाडीच. सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये केळ्याला 'केय' म्हणालो. त्यानंतर वर्षभर माझं नाव केय होतं. मी आरशासमोर उभा राहून 'ळ' घोटला. इतका घोटला, की एकदा दूध वाढणाऱ्या काकूंना मी म्हणालो, वरची साळ नको. साय म्हणायचं होतं. जिथं 'य' दिसेल तिथं मला 'ळ' वाटायला लागला होता. सगळी पंगत हसली. पहिल्या सुट्टीत अकोल्याला आलो तेव्हा मात्र मी पुरता सुधारलेला होतो. दारातूनच हाक मारली, आई! माझी माय स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या मागं रस्त्यावर बघायला लागली, कोणाची आई आली म्हणून. मग तिला कळलं. पुढं आयुष्यभर तिनं त्या हाकेला ओ दिली. माय हा शब्द माझ्या तोंडातून तेव्हा गेला तो गेलाच.

त्या हिवाळ्यात अमरावतीत एक प्रदर्शन भरणार होतं. खेड्यांसाठी नवं काही करून दाखवा, असं. बाहेरचे परीक्षक येणार होते, पुण्याचेही. आमच्या संस्थेतून माझं बोलतं मशीन निवडलं गेलं आणि बेबीताईनं व्यासपीठावर बटण दाबून स्वतःचं लिखाण ऐकवायचं असं ठरलं. ती हरखली होती. "मायची बोली एवढे मान्सं आयकतीन?" तिनं दोनदा विचारलं. संयोजकांच्या माणसानं मला बाजूला घेऊन वेगळंच विचारलं. म्हणाला, घरात तसं काही घडलेलं आहे का हो? म्हणजे सध्या जे घडतंय तसं? असेल तर परिचयात घेऊ. मी म्हणू शकलो असतो, नाही, तिची माय तापानं गेली. मी म्हटलं, परिस्थिती बेताची आहे. आणि ते परिचयात गेलं. जीपमधल्या माणसांवर चिडणारा तो मीच.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या फाइली उघडल्या. पुण्याच्या लोकांसमोर तो नाकातला आवाज 'डोया' म्हणणार, 'मले' म्हणणार, आणि लोक हसणार, हे मला लख्ख ऐकू आलं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात काय मोठंसं. मले दिसलं की मला करायचं, तुले दिसलं की तुला, डोया दिसलं की डोळा. 'काव'चं 'का' करायचं, 'बेबे'चं 'बेबी', आणि 'व'सारखे शब्द काढूनच टाकायचे. आणि शब्दाच्या शेवटी 'आय' आला की 'आळ' करायचा; डाय, आभाय, सकाय, सगळी एका फटक्यात सरळ. अर्थात काही शब्द वगळायला हवे होते. मी यादी केली. सगळ्यांत आधी लिहिलं, साय. मग काय, पाय, गाय, न्याय, उपाय. मला वाटलं, झालं.

एक वाक्य फ्लेक्सवर छापायचं म्हणून ते मी हातानंच घडवलं. मायचंच होतं, कापसाबद्दलचं. मूळ वाक्य लांब होतं, दोनदा वळसे घेणारं, मध्ये कुठंतरी हसणारं. मी फाइलीतच त्याची काटछाट केली आणि ते सुंदर केलं.

मग प्रोग्राम चालवला. जुन्यावरच. मूळ लिखाणाची प्रत ठेवली नाही, आणि हेच न करण्याबद्दल मी मुलांचे गुण कापायचो. मधलं एक पान उघडून चार ओळी वाचल्या. डोळा होता, आभाळ होतं. फ्लेक्सवाल्याचा फोन वाजत होता. भोंगा लावून कानानं ऐकलं असतं तर पहिल्याच शब्दांना सापडलं असतं. मी डोळ्यांनी तपासलं आणि उठलो.

बेबीताईला विचारलं का? नाही. तिला ते आवडेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

व्यासपीठावर ती नवी साडी नेसून आली. तिची वहिनी, मायची सून, सोबत आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. बेबीताईनं वायर लावली. मशीन म्हणालं, "आली का बेबी?" तिच्या कपाळावर एक आठी आली. मग तिनं बटण दाबलं, आणि त्या सर्दीवाल्या आवाजात सभागृहाला ऐकू आलं:

"माझी माळ मला म्हणे. माझी माळ पुढे चाले, मी मागे चाले. माळ गप्प झाली की मी उभी राही."

माय माझ्या यादीत नव्हती. गाय होती, साय होती. माय सुचलीच नव्हती.

मी विंगेत उभा होतो. मशीन थांबत नव्हतं. माळ दहीभात ठेवायची, माळ ढगाला शिव्या द्यायची, माळ तापानं फणफणली, माळ पोळ्याच्या आधी गेली. कोणी हसलं नाही. उलट शेवटी टाळ्या पडल्या, जोरात पडल्या, आणि एक परीक्षक माईक हातात घेऊन म्हणाले, की आईला माळ म्हणणं, जपाची माळ, जिच्या मण्यामण्यानं अंधारात चालायचं, ही प्रतिमा एखाद्या मुरलेल्या कवीलाही सुचली नसती. पहिल्या रांगेत वहिनी इकडेतिकडे बघत टाळ्या वाजवत होती.

बेबीताई टाळ्यांकडे तोंड करून उभी नव्हती. ती विंगेकडे वळली होती, मी जिथं श्वास घेत होतो तिथं. मी पुढं झालो. ती हळू म्हणाली, "सर, हे काय म्हणून राह्यलं? मायले काय म्हणून राह्यलं?"

मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी केलं. एवढंच.

मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "मशीनची चूक आहे, बेबीताई. आत काहीतरी बिघाड झाला. कधीकधी आपोआप होतं असं."

"आपोआप?"

"हो."

आम्हाला बक्षीस मिळालं. त्याच संध्याकाळी मी कार्डातून तो प्रोग्राम काढून टाकला, चोरानं हत्यार विहिरीत टाकावं तसा, आणि मशीन तिला सन्मानानं देऊन टाकलं. मूळ शब्द परत आणायचं म्हटलं तर येणार नव्हते. 'ळ'चा 'य' उलटा फिरवता येतो. पण जे शब्द मी काढून टाकले ते कुठं कुठं होते, हे कोणाला ठाऊक? पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मी एकदा फोन केला. लिहिता की नाही, विचारलं. म्हणाली, "नाई सर. सध्या येय नाई." वेळ नाही म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि पुन्हा फोन करायला मी वेळ लावला. किती लावला म्हणाल, तर मी निवृत्त होऊन अकोल्याला परतलो, माझी आई गेली, रहीमचाचा गेले. फोनच आता मराठीत बोलतात, छान बोलतात, कोणाला हिरव्या पट्ट्या लागत नाहीत.

चाचांनी त्या प्रदर्शनानंतर मला एवढंच विचारलं होतं, "उस बच्ची के लफ्ज किसने बदले, सर?" मी मशीन म्हटलं. ते सोल्डरिंगची कांडी गरम करायला लागले. यंत्र आपोआप काय करतं आणि काय करत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

यंदा मी गेलो. काही मोठं निमित्त नव्हतं. माझा नातू फोनवर बोलता बोलता त्याच्या आईला 'माय' म्हणाला, चेष्टेत, कुठंतरी ऐकून, आणि सगळं घर हसलं. मी उठलो, दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. अमरावतीवरून चांदूर, तिथून ऑटो. वाटभर बाभळी पांढऱ्या होत्या.

घरी कळलं की ती शेतात आहे. धुऱ्यावरून आधी वहिनी दिसली, केस पांढरे झालेली. पऱ्हाटीच्या बुडाशी चुन्यानं रंगवलेले पाच खडे होते, दहीभाताला मुंग्या लागलेल्या. बेबीताई दोन ओळी पलीकडे वेचत होती, कमरेला ओटी बांधलेली, आणि वहिनी शेजारच्या ओळीतून मोठमोठ्यानं कोणाच्या तरी लग्नाचं काहीबाही सांगत होती. मी जवळ गेलो. ढेकळावरचा पाय ऐकूनच तिनं मान उचलली.

"सर काय?"

मी हो म्हटलं. मला तिच्याशी वऱ्हाडीत बोलायचं होतं. रस्ताभर मनात वाक्य जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते पुस्तकीच. "बेबीताई, त्या दिवशी मशीन बिघडलं नव्हतं. तुमचे शब्द मी बदलले होते. मुद्दाम. आणि माय माझ्याकडून चुकून बदलली गेली. मी खोटं बोललो."

तिचा हात बोंडावर थांबला. वहिनीही बोलायची थांबली.

"कायच्यासाठी?"

"लोक हसतील म्हणून."

"कोनाले? मले का तुमाले?"

मी म्हटलं, "मला."

तिनं ते बोंड वेचलं, त्यातली काडी चिमटीनं काढली, कापूस ओटीत टाकला. मग म्हणाली, "म्हंजे मशीन चांगलं होतं?"

"हो."

"त्याच्यात लिवलं असतं तं राह्यलं असतं? जसंच्या तसं?"

"हो. तो प्रोग्राम मी त्याच दिवशी काढून टाकला होता."

तिनं ओटीतला कापूस हातानं दाबून बसवला. ऊन चढत होतं. "मी त्याच्यात फिरून काई लिवलंच नाई, सर," ती म्हणाली. "म्हटलं, मायले याच्यात ठेवू, अन् हे आपोआप तिले बदलवून टाकन. ज्याचा भरवसा नाई त्याच्यात मायले कशी ठेवू? तवा डोक्यातच ठेवली. जे तुमी उरवलं होतं ना, थे आयकत जाव कधीमदी. दुसरं होतं काय आयकाले? 'पाय' तेवढा राह्यला होता जागच्या जागी. पाय बेबी, कसा फुटला. तेवढं मायचं वाटे."

तो 'पाय' मी यादीत घातला होता, चालायचा पाय समजून. पाहण्याचा 'पाय' माझ्या चुकीनंच वाचला होता.

मी पिशवीतून वही काढली. म्हटलं, आजपासून लिहू. तुम्ही सांगा, मी अक्षरही इकडचं तिकडं करणार नाही. रोज येईन. ते फ्लेक्सवर छापलेलं वाक्य मुळात कसं होतं, ते आधी सांगा. कापसाचं. माय कशी म्हणायची ते?

ती आठवू लागली. ओठ हलले, थांबले. एकदा 'कापूस' म्हणून सुरुवात केली आणि सोडून दिली. वहिनीकडे तोंड वळवलं. वहिनीला काही ठाऊक नव्हतं. मी मदत करायला गेलो, म्हटलं, 'डोयाले नाई' असं असेल ना शेवटी? तिनं मान हलवली.

"थे तुमी आता बनवून राह्यले, सर. तसं नोतं थे."

मग तिनं माझ्यापुढं, त्या पऱ्हाटीत उभं राहून, ते वाक्य सबंध म्हणून दाखवलं. तिच्याकडे जे उरलं होतं ते.

"कापूस हाताला कळतो, डोळ्यांना नाही."

हे फ्लेक्सवरचं होतं, मी घडवलेलं. दोन्ही 'ळ' अगदी स्वच्छ होते. बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

"माय आता असंच म्हणते," बेबीताई म्हणाली, आणि पुढच्या बोंडाकडे वळली.